कोष विकायला काढण्याआधी भाव वाचायला शिका

रेशमाची अळी कशी सांभाळायची हे सांगणारे आता गावोगाव झालेत. तुती कधी छाटायची, चॉकी, म्हणजे लहान अळ्या, कुठून आणायच्या, मोल्टवर बसलेल्या, म्हणजे कात टाकणाऱ्या अळीला पाला का टाकायचा नाही, सगळं मोबाईलवर मिळतं. विकायचं कसं, यावर मात्र सगळे गप्प. चंद्रिकेवरचे, म्हणजे अळ्या कोष बांधतात त्या चौकटीवरचे कोष उतरले की आपला माणूस भावकीतल्या कुणाला तरी फोन लावतो, "काल काय भाव निघाला रे?" आणि तो म्हणेल त्या बाजाराला गाडी धाडतो. महिनाभर रात्रीची झोप मोडून सांभाळलेला माल एका फोनवर निकाली निघतो.

मी मराठवाड्यातल्या तेरच्या शिवारात दीड एकर तुती करते. आमच्या मालकांना अळीतलं कळतं, सासूबाईंना पाल्यातलं. वही माझ्याकडं, म्हणून विक्रीही माझ्याकडं आली. खाली जे लिहिलंय ते त्या वहीतलं आहे, आणि थोडं वाचनातलं. मधेमधे जुना इतिहास येईल. तो शोभेला नाही. कोषाच्या भावाला आजही तीच जुनी खोडं अडवतात, म्हणून सांगावा लागतो.

आधी रिलरचा हिशेब करा

रिलरला, म्हणजे कोषातून सूत काढणाऱ्याला, तुमच्या कोषाच्या पांढरेपणाचं कौतुक नसतं. त्याच्या डोक्यात एकच आकडा फिरत असतो: एक किलो सूत काढायला यातले किती किलो कोष लागतील. याला धंद्यात रेंडिटा म्हणतात. हा आकडा जितका लहान, तितका तुमचा माल चांगला. आपल्याकडच्या पांढऱ्या, म्हणजे बायव्होल्टाइन कोषाचा रेंडिटा बॅच चांगली उतरली तर साडेसहाच्या आसपास येतो. पोचट माल असेल तर आठाच्या पुढं जातो.

आता कागद घ्या. समजा बाजारात कच्च्या सुताचा भाव किलोला ४,००० रुपये आहे. सूत काढायची मजुरी, वीज, जळण मिळून रिलरला किलोमागे ७०० खर्च येतो. मेलेला प्युपा, म्हणजे कोषातला पतंग होऊ घातलेला किडा, आणि उरलेला चोथा विकून २०० परत मिळतात. म्हणजे कोषासाठी त्याच्या हातात राहिले ३,५००. रेंडिटा साडेसहा असेल तर ३,५०० भागिले साडेसहा, म्हणजे किलोला ५३८ रुपये. रेंडिटा आठ असेल तर ४३७. हे आकडे मी समजण्यासाठी धरलेत, दर महिन्याला बदलतील. गणित बदलणार नाही. एकाच दिवशी, एकाच बाजारात, शेजारी शेजारी मांडलेल्या दोन लॉटमध्ये किलोला १०० रुपयांचा फरक का पडतो ते यात दिसतं. १४० किलो मालावर हे १४,००० होतात. लोक म्हणतात, त्या गाववाल्याची ओळख होती म्हणून भाव मिळाला. ओळख असेलही. पण रिलर ओळखीसाठी १४,००० सोडत नाही.

आपल्या मालाचा रेंडिटा घरीच अंदाजे काढता येतो. रॅकच्या वेगवेगळ्या खणांतून डोळे झाकून २० कोष उचला. निवडून चांगले घेतले तर स्वतःलाच फसवाल. सोनाराकडं असतो तसला छोटा डिजिटल काटा हजाराच्या आत मिळतो, त्यावर वीसही कोष एकत्र तोला. मग ब्लेडनं प्रत्येक कोषाला एका टोकाला टोपी उघडल्यासारखी चीर द्या आणि आतला प्युपा हातावर काढा. त्याच्या बुडाशी अळीची सुरकुतलेली कात चिकटलेली असते, तीही काढा. रिकामी कवचं पुन्हा तोला. समजा वीस कोष ३६ ग्रॅम भरले आणि कवचं ७.६ ग्रॅम, तर कवच २१ टक्के झालं. या कवचातलं साधारण ७० ते ७५ टक्के सूत म्हणून निघतं, म्हणजे कोषाच्या वजनाच्या १५ टक्के. शंभराला पंधरानं भागा, साडेसहा-पावणेसात आलं. कवच १७ टक्के भरलं तर रेंडिटा आठाच्या घरात जातो. हे कळल्यावर लिलावात उभं राहताना छाती आपोआप वेगळी असते.

प्युपा काढताना त्याचा रंगही बघा. तपकिरी आणि कडक असेल तर कोष उतरायला तयार. पिवळट, मऊ, बोटानं दाबला की फुटतोय, तर अजून थांबा. असा माल गोणीत भरला की वाटेत प्युपा आतच फुटतो, पाणी सुटतं, कवचाला आतून डाग धरतो, आणि त्या कोषाचं सूत तुटत राहतं. चंद्रिकेवर सोडल्यापासून उन्हाळ्यात पाचवा-सहावा दिवस, थंडीत सातवा-आठवा. शेजारी कधी उतरवतोय ते बघून उतरवू नका.

घाई तुमच्या मालातच आहे

सोयाबीन थप्पीला लावून दिवाळीनंतर विकता येतं. कोष तसा ठेवता येत नाही. कोष बांधल्यापासून दहा-बारा दिवसांत आतला पतंग कवच भिजवून, भोक पाडून बाहेर येतो. कोष म्हणजे हजारेक मीटरचा एकसलग धागा. भोक पडलं की त्याचे तुकडे झाले, रिलिंगचा माल संपला. उतरवण्यात सहा दिवस गेले, आता हातात उरले चार-पाच. हे तुम्हाला माहीत आहे, आणि घेणाऱ्याला तुमच्याहून चांगलं माहीत आहे.

रेशमाच्या व्यापाराचा सगळा इतिहास या चार-पाच दिवसांत अडकलेला आहे असं माझं मत झालंय. अठराव्या शतकात बंगालात, मुर्शिदाबादजवळच्या कासिमबाजारात, ईस्ट इंडिया कंपनी रेशीम घेत असे. घ्यायची पद्धत दादनीची, म्हणजे उचल आधी, माल नंतर. उचल घेतली की भाव बोलायचं तोंड गेलं. १७६९ साली कंपनीच्या लंडनच्या संचालकांनी बंगालला पत्र धाडलं: कच्च्या रेशमाला उत्तेजन द्या, रेशमी कापडाला नको, सूत गुंडाळणाऱ्यांनी आपल्या घरी काम न करता कंपनीच्या कोठीत येऊन करावं. त्याच सुमाराला सूत काढायच्या इटालियन पद्धतीच्या भट्ट्या तिथं आणल्या गेल्या, सूत सुधारलं, निर्यातही वाढली. कोष पिकवणाऱ्याचा हात मात्र उचलीखालीच राहिला.

म्हणून पहिला नियम: शेडवर येऊन उचल देणाऱ्याकडून पैसे घेऊ नका. आमच्या भागातही असे येतात. चॉकीचे पैसे मी भरतो, औषध मी देतो, माल मलाच द्यायचा. आमच्याकडं एकदा असाच शेडवर घेणारा आला, काटा त्याचा, गोण्या त्याच्या, वर "ओलावा आहे ताई" म्हणून गोणीमागे दोन किलो तूट. भाव मात्र बाजारापेक्षा पाच रुपयांनी जास्त सांगत होता! पाच रुपयांचं गाजर आणि दोन किलोची काठी. विकायचंच असेल शेडवर, तर काटा आपला आणि पैसे त्याच वेळी खात्यात.

खुल्या लिलावाचं महत्त्व यातूनच आलं. म्हैसूरकडं रेशीम टिपू सुलतानाच्या काळापासून रुजलेलं, तरी तिथला शेतकरीही दलालाच्या हातीच होता. १९५९ च्या कायद्यानं तिथल्या सरकारनं अंडी, कोष आणि सूत या तिन्हींचा व्यवहार नियमाखाली आणायला सुरुवात केली. पुढं कोष सरकारी बाजारातच लिलावानं विकायचे असं ठरलं. कर्नाटकातल्या रामनगरचा बाजार त्यातूनच एवढा वाढला. आपल्याकडं राज्यातला पहिला खुला कोष बाजार जालन्याच्या बाजार समितीत २०१८ साली सुरू झाला. त्याआधी मराठवाड्यातल्या माणसाला दोनच रस्ते होते: रामनगर, नाहीतर दारात येईल तो. आता बीडलाही बाजार आहे. तुमचा माल जालन्याला जाणार नसला तरी जालना असण्याचा तुम्हाला फायदा आहे. दारात येणाऱ्याला आता तिथला भाव विचारून तोंडावर सांगता येतो.

घाईवर दुसरा तोडगा म्हणजे कोष वाळवणं. गरम हवेच्या ड्रायरमध्ये प्युपा मरतो, ओलावा जातो, आणि कोष महिनोन् महिने ठेवता येतात. एकट्याला हे परवडत नाही, गटाला परवडतं. एक ध्यानात ठेवा: १०० किलो ओले कोष वाळून ४० किलोच्या आसपास उरतात. कुणी "सुक्याला एवढा भाव" म्हणून डोळे दिपवले तर आधी त्याला ०.४ नं गुणा.

रामनगर की जवळचा बाजार?

लोक भाव बघतात, हातात काय पडलं ते बघत नाहीत. वहीत मी असं लिहिते. समजा माल १४० किलो. बीडला भाव ५२०, रामनगरला ५७०. बीडचे झाले ७२,८००. भाडं आणि चहापाणी १,५०० वजा, हातात ७१,३००. रामनगर आमच्यापासून सातशेच्या आसपास किलोमीटर. सोलापूर, विजयपूर करत रात्रभर गाडी जाते. एवढ्या वेळात जिवंत प्युपा श्वास घेतो, ओलावा उडतो, वजन घटतं. तीन किलो घट धरा. १३७ किलो गुणिले ५७०, म्हणजे ७८,०९०. चौघांत मिळून केलेल्या पिकअपचा आपला वाटा ५,०००, जेवणखाण आणि मुक्काम १,५००. हातात ७१,५९०. किलोला ५० रुपये जास्त मिळून शेवटी २९० रुपये जास्त पडले, वर मालकांची दोन दिवसांची झोप गेली आणि शेडचं निर्जंतुकीकरण दोन दिवस लांबलं.

याचा अर्थ रामनगरला जाऊ नये असा नाही. माल भारी असेल आणि गाडी पूर्ण भरत असेल तर जावं. तिथं घेणारे शेकड्यानं असतात, भारी माल ओळखणाराही भेटतो. कवच १७-१८ टक्क्यांवर अडकलेला माल मात्र सातशे किलोमीटर फिरवू नका. जाताना जाळीच्या किंवा सुती पातळ पिशव्या वापरा, खताच्या प्लास्टिक गोण्या अजिबात नाही. पिशवी गच्च भरू नका, एकावर एक रचू नका, आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी गाडी हलवू नका. आतल्या गरमीनं कोष वाफाळतात.

दूरच्या बातम्या कानावर ठेवा

आमचं तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात त्याचं नाव आहे: पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं शहर, तिथलं कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जातं. त्याच भडोचला त्याच काळात चीनचं रेशीम बाल्खच्या वाटेनं उतरत होतं आणि जहाजानं पश्चिमेला जात होतं. तेव्हा आपला कापूस होता, रेशीम परक्याचं. आमच्या गावच्या लामतुरे संग्रहालयात त्या काळच्या वस्तू काचेत ठेवल्यात. आलात तर बघून जा, पाहुण्यांना मी दाखवतेच. पुढं पैठणला पैठणी झाली, औरंगाबादला हिमरू आणि मशरू ही कापडं. तरी मराठवाडा रेशीम विणणारा मुलूख राहिला. शेतात रेशीम पिकवण्याचा पसारा अलीकडचा, आणि म्हणून भावाच्या दूरच्या धक्क्यांची आपल्याला सवय नाही.

ते धक्के कसे येतात बघा. १८५३ साली फ्रान्समध्ये २६,००० टन कोष निघाले होते. अळ्यांवर पेब्रिन रोग आला आणि १८६५ पर्यंत ते ४,००० टनांवर आले. फ्रान्सचा शेतकरी बुडाला, आणि नेमकं १८५९ साली योकोहामा बंदर उघडलेलं असल्यामुळं जपानचं रेशीम आणि अंडी युरोपात धावली. लुई पाश्चरनं पतंगाची मादी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून रोगी अंडी फेकून द्यायची पद्धत बसवली. तुमच्या अंडीपुंजांना "रोगमुक्त" म्हणतात ते त्या तपासणीमुळं. स्वस्तातली बिनपावतीची अंडी घेणाऱ्यानं फ्रान्सचा आकडा पुन्हा एकदा वाचावा. जपाननं १८७२ मध्ये तोमिओकाला फ्रेंच तंत्रावर मोठा सूतकारखाना काढला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निर्यातीत चीनलाही मागं टाकलं. त्यांचं बहुतेक सूत एका गिऱ्हाइकाकडं जायचं, अमेरिकेकडं, बायकांच्या मोज्यांसाठी. १९२९ ची मंदी आली, जपानच्या खेड्यात कोषाचे भाव कोसळले. मग १९४० च्या मे महिन्यात अमेरिकेत नायलॉनचे मोजे दुकानात आले, आणि मोज्यांचं गिऱ्हाईक परत आलंच नाही.

आपलं गिऱ्हाईक साडी आहे. कांचीपुरम, धर्मावरम, बनारस, येवला. लग्नसराईआधी विणकर सूत भरतात, तेव्हा भावाला धार असते. त्यामुळं बॅच लावतानाच उलटं मोजा: कोष कोणत्या आठवड्यात हातात येणार?

दुसरी नजर दिल्लीवर. जगात सर्वांत जास्त रेशीम चीन काढतो, दुसरे आपण, आणि वापरात आपण पुढं. चीनचं स्वस्त सूत आलं की बंगळुरूचा सुताचा भाव बसतो, आणि वर मांडलेल्या गणितात ४,००० च्या जागी लहान आकडा येतो. तुमच्या कोषात काही खोट नसताना. २००३ मध्ये चिनी सुतावर अँटी-डम्पिंग शुल्क, म्हणजे फार स्वस्तात ओतलेल्या परदेशी मालावरचा जादा कर, लागलं. २०११ च्या अर्थसंकल्पात कच्च्या रेशमावरचं आयात शुल्क ३० टक्क्यांवरून एकदम ५ वर आणलं, आणि रामनगरचे भाव धाडकन पडले. २०१३ मध्ये ते पुन्हा १५ केलं. मधे उतरून १० झालं, २०२१ मध्ये परत १५. आमच्याकडं फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला सगळे आयकराचं बघतात. तुम्ही रेशमाची ओळ शोधा. शुल्क घटलं असेल तर पुढच्या दोन बॅचना अंडी कमी घ्या. नवी तुती लावायचा विचार दोन महिने पुढं ढकला.

भाव चढला की लावणारे वाढतात, हेही कानावर ठेवा. २०२१-२२ मध्ये भाव वर गेले तेव्हा ऊस मोडून तुती लावणारे मी आमच्या शिवारात पाहिलेत. मनरेगातून अनुदान मिळतं म्हणून शेड उभे करणारेही. तुती पाच-सहा महिन्यांनी हाताला येते; तोवर भाव तिथंच थांबेल असं कुणी लिहून दिलेलं नसतं. मला विचाराल तर सगळं रान तुतीला देऊ नये. पाणी कमी लागतं, वर्षात चार-पाच बॅचचा पैसा येतो, हे खरं. तरी एक एकर ज्वारी-हरभऱ्याला ठेवावी.

लिलावाच्या दिवशी

आदल्या रात्री निवड करा. डबल कोष वेगळे काढा. दोन अळ्यांनी मिळून बांधलेल्या कोषाचं सूत गुंतलेलं निघतं, त्याचं डुपियन, म्हणजे गाठाळ सूत, होतं, त्याला वेगळा घेणारा असतो. डागी आणि पोचट बाजूला. हे वजन जाईल म्हणून जीव खाली-वर होतो, पण पाच किलो पोचट माल १३५ किलोचा भाव खाली ओढतो. दोन बॅचचा माल एकत्र करू नका. रिलर मूठ आत खालपर्यंत घालून कोष काढतो, वरचं सजवलेलं बघत नाही. कोष कानाजवळ नेऊन हलवतो. आत प्युपा खुळखुळला तर ठीक. आवाज नाही आला तर मेलेला, विरघळलेला समजून मनातल्या मनात २० रुपये उतरवतो. त्याच्या आधी तुम्ही हलवून बघा.

बोली लागली की लगेच हो म्हणायची सक्ती नाही. आपला कागदावरचा आकडा आणि बोली यात १०-१५ रुपयांचा फरक असेल तर द्या, उगाच ताणू नका, प्युपा वाट बघत नाही. ५० चा फरक असेल तर नाही म्हणा आणि पुढच्या फेरीला थांबा. तीन-चार रिलरना सरळ विचारा, "भाऊ, माझ्या मालात काय कमी वाटतं?" खरं सांगतात. त्यांनाही पुढच्या बॅचला चांगला माल हवा असतो.

वजन होताना काट्यापाशी उभं राहा, पावतीवर लॉट नंबर, वजन आणि भाव स्वतः वाचा, खात्याचा नंबर तपासा. घरी येताना रिकाम्या पिशव्या तशाच शेडमध्ये नेऊ नका. बाजारात शंभर जणांच्या कोषांतून रेशमाच्या अळीला पोखरणाऱ्या उझी माशीच्या अळ्या गळत असतात, त्या पिशवीच्या शिवणीत बसून घरी येतात. पिशव्या वाटेतच गाडीवर उलट्या करून झटका, ब्लिचिंगच्या पाण्यात बुडवा आणि शेडपासून लांब उन्हात टाका. आमच्याकडं बोरीच्या झाडाखाली नाही, पार विहिरीच्या पलीकडं दोरी बांधलीय.